इंद्रभानच्या नंबरवरून

१

मंगळवारी सकाळी पावणेसातच्या सुमारास, इंझोरी फाट्याच्या अलीकडे, दूध घालायला निघालेल्या माणसाला आधी गाडी दिसली आणि मग माणूस. गाडी काळी-पिवळी, सवाऱ्या वाहणारी जीप होती. दोन्ही हेडलाइट फुटलेले, चालकाच्या बाजूच्या काचेचा चुरा झालेला. माणूस नालीच्या काठावर डोक्याला गमछा दाबून बसला होता. बॉनेटवर कुणीतरी ऑइलमध्ये बोट बुडवून एकच शब्द लिहिला होता : खबऱ्या.

मुन्ना भोयर, वय तेहतीस. डोक्याला अकरा टाके. मारणारे दोघे तोंड न झाकताच आले होते, त्यामुळे नावं सांगायला मुन्नाला वेळ लागला नाही. दुपारपर्यंत दोघेही आत होते. दोघे मानोऱ्याच्या स्टँडवरचेच काळी-पिवळीवाले. मारल्याचं त्यांनी नाकारलं नाही, उलट विचारलं, "त्यानं अमरदीपचं लायसन घालवलं, त्याचं काय?"

हे वाक्य हवालदार सुकेशनी खिल्लारे हिनं वाशीमच्या वाहतूक शाखेत फोनवर ऐकलं. ऐकून तिनं फोन ठेवला.

पाच महिन्यांपूर्वी शाखेनं एक व्हॉट्सॲप नंबर सुरू केला होता. कोणी गाडी वाईट चालवत असेल तर व्हिडिओ काढा, या नंबरवर पाठवा, तुमचं नाव गुप्त राहील. स्टँडवर फलक लागले. सुकेशनी भोंगा घेऊन गावोगाव, तांड्यातांड्यावर फिरली. "नाव बाहेर जाणार नाही, हा माझा शब्द," हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं, की आता ते तिला झोपेतही म्हणता आलं असतं. तीनशेवर तक्रारी आल्या. त्यातली एक मानोऱ्याच्याच स्टँडवरच्या अमरदीप राठोडविरुद्ध. चालत्या गाडीत मोबाइल पाहत होता. लायसन तीन महिने निलंबित.

तक्रार कुणाच्या नंबरवरून आली हे ती कधीच तपासत नसे. तो नियम तिनंच स्वतःला घालून घेतला होता. त्या मंगळवारी तो तिनं मोडला. चार वाजता उत्तर आलं. सिमकार्ड इंद्रभान भोयर यांच्या नावावर.

"म्हणजे मुन्नाचा बाप," साहेब म्हणाले. "पोरांनी माणूस तर बरोबर धरला की."

सुकेशनीनं दवाखान्यात फोन लावला. "मुन्ना, तुझे बाबा कुठी हायेत? त्यायच्याशी बोलायचं हाय."

"बाबा? बाबाले जाऊन आठ महिने झाले, मॅडम."

२

संध्याकाळी तिनं तो व्हिडिओ पुन्हा लावला. एक्केचाळीस सेकंदांचा. तीन आठवड्यांपूर्वी तिनं त्यात गुन्हा तेवढा पाहिला होता. आता बाकीचं पाहू लागली.

पहिली गोष्ट, सोबत एक अक्षरही नव्हतं. लोक तक्रार करतात तेव्हा लिहितात, आणि भरभरून लिहितात. ड्रायव्हरचं नाव, बापाचं नाव, तो कोणत्या पक्षाचा, झालंच तर दोन शिव्या. इथं नुसता व्हिडिओ होता.

दुसरी गोष्ट लक्षात यायला तीनदा पाहावं लागलं. पडद्यावर अमरदीपचा उजवा गाल दिसत होता. त्याच्या पलीकडे, डावीकडे, तिघं दाटीवाटीनं बसलेले. म्हणजे व्हिडिओ काढणारा अमरदीप आणि त्याच्या बाजूचं दार यांच्यामध्ये बसलेला होता. अमरदीपच्या डाव्या हातात मोबाइल, त्याच हाताची दोन बोटं स्टेअरिंगवर. अठराव्या सेकंदाला चाक रस्त्याच्या कडेला उतरतं, समोरून ट्रकचा हॉर्न, मागून कोणीतरी "अरे अरे!" करतं. अमरदीप हसतो.

एकोणतिसाव्या सेकंदाला तो उजवा हात स्टेअरिंगवरून काढतो, व्हिडिओ काढणाऱ्याच्या पलीकडे नेतो आणि दाराची कडी नीट लागली आहे का ते चाचपून पाहतो.

सुकेशनी तिथं थांबली. नऊ माणसांच्या गाडीत सोळा कोंबणारा, टपावर दोघं बसवणारा माणूस एका सवारीच्या दाराची काळजी करत होता. ती सवारी कोण?

३

बुधवारी मुन्ना खाटेवर उठून बसला होता. डोक्याची पट्टी एका डोळ्यावर आली होती.

"पाठवला तू?"

"मॅडम, अमरदीप माह्या मागच्या नंबरले गाडी लावते. आमचं रोजचं भांडण. म्या पाठवला असता तं छाती ठोकून सांगतलं असतं. अन् त्याच्या गाडीत मले बसू तरी देईन काय त्यो?"

"मग तुझ्या बापाच्या नंबरवरून कसा आला?"

मुन्ना काहीतरी बोलणार होता. मग खाली मान घालून चादरीचा धागा ओढायला लागला.

"तुझ्या बापाचा फोन कोणापाशी हाय, मुन्ना?"

"मले नाई मालूम."

"डोकं फुटलं तुझं. धंदा बसला. अन् तुले मालूम नाई?"

"नाई म्हनलं ना, मॅडम. एकडाव सांगतलं."

सुकेशनीच्या अठरा वर्षांच्या नोकरीत खोटं बोलणारे पुष्कळ आले होते. स्वतःला वाचवायला माणूस खोटं बोलतो, तेव्हा तो पोलिसाच्या तोंडाकडे पाहत राहतो, पटलं की नाही ते जोखायला. मुन्ना भिंतीकडे पाहत होता.

४

मानोऱ्याच्या स्टँडवर पत्र्याच्या टपरीला एक काळा फळा टांगलेला आहे. त्यावर रोज खडूनं गाड्यांचे नंबर लागतात. पहिली गाडी भरल्याशिवाय दुसरीत कोणी बसत नाही. खडू भिवाजीच्या ताब्यात. भिवाजी साठीचा, स्टँडचा म्होरक्या, स्वतःची गाडी कधीच विकून बसलेला. फळ्यावर पाचव्या जागी ओल्या फडक्यानं पुसल्याची खूण होती.

"मुन्नाचा नंबर?"

"पुसला. सोमवारी अकराले बैठक हाय, सगळ्यायची. तठी पक्कं होईन. एकडाव फळ्यावरून उतरला का मंग त्यानं गाडी इकावी अन् बकऱ्या घ्याव्या."

"त्यानंच तक्रार केली, हे कोणी ठरवलं?"

"इंद्रभानच्या नंबरवरून गेली ना, बाई! सगळ्या स्टँडले मालूम हाय."

सुकेशनीच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "कधीपासून मालूम हाय?"

"आयतवारपासून. आयतवारी इथंच गोष्ट निघाली."

तिनं मनात हिशेब मांडला. नंबर कुणाचा हे शाखेला कळलं मंगळवारी चार वाजता. परिवहन कार्यालयाला तर नुसता व्हिडिओ गेला होता, नंबर नाहीच. म्हणजे पोलिसांना जे मंगळवारी कळलं, ते स्टँडला दोन दिवस आधी ठाऊक होतं. ही गोष्ट कचेरीतून फुटलेली नव्हती. ती अशा माणसाकडून आली होती, ज्याला विचारायची गरजच नव्हती.

"गोष्ट काढली कोणी?"

"अमरदीपनं. म्हने, हापिसातून काढून आनलं."

कार्यालयाकडे जे नव्हतंच, ते त्यानं तिथून काढून आणलं होतं. तिनं चहा संपवला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "भिवाजीभाऊ, गाडी फुल झाली का ड्रायव्हरच्या उजव्या हाताले कोण बसते? दाराकडून?"

भिवाजी हसला. "ते आता तुमी पावती फाडाले इचारता का काय?"

"नाई फाडत. सांगा."

"तठी पब्लिक नाई बसत. सगळी गाडी त्याच्या हातात, कोपर लागला का गेली नालीत. ड्रायव्हर आपला मानूसच बसवते. त्याचा जोडीदार, नाई तं घरचं. बाया तं नाहीच. अंगाले अंग लागते ना. बसलीच तं त्याची बायको, नाई तं माय."

"अमरदीपचे जोडीदार कोण?"

"तेच दोघं. तुमी आत टाकले ते."

मुन्नाला खबऱ्या समजून ज्यांनी फोडलं, त्यांनीच तो व्हिडिओ पाठवला असणं शक्य नव्हतं. "अन् बायको?"

"त्याचं लगन कुठी झालं अजून!" भिवाजीनं कपबशी उचलली. मग कपबशी हातात घेऊनच तो थांबला, सुकेशनीकडे पाहिलं, आणि पुढे काही न विचारता टपरीत शिरला.

५

मुन्नाची आई तुळसाबाई अंगणात तुरीच्या शेंगा बडवत बसली होती. हातातली काठी खाली न ठेवता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्यायचा फोन? त्यो कायले घरात ठेवू? मानूस गेलं तरी वाजत राहे. एकडाव तेराव्याच्या आधी वाजला अन् म्या 'अहो, फोन' म्हनून हाक मारली." तिनं काठी बाजूला ठेवली. "मंग तेराव्याले देऊन टाकला."

"कोणाले?"

"तेराव्याले मेल्या मानसाच्या वापरातल्या वस्तू देतेत ना, बाई. छत्री, चपला, घोंगडी, तांब्या. आमच्यात ज्यानं त्या मानसासंगं काम केलं त्याले देतेत. छत्री-चपला न्हाव्याले गेल्या. मुन्ना म्हने, बाबाचा फोनही वापरातलाच हाय, दे. दिला मंग."

"सिमकार्ड काढलं नाही?"

"ते काय असते?"

सुकेशनीला हसू आलं नाही. तेराव्याच्या गडबडीत छत्रीची मूठ पुसून देणारे, तांब्या घासून देणारे लोक. मेलेल्या माणसाचं नाव फोनच्या आत शिल्लक राहतं, हे कोणाच्या ध्यानी येणार? बरं, सिम चालूच होतं, रिचार्ज आता फोन ज्याच्याकडे गेला त्यानं मारायचा. पुढं कोणी विचारलंही नाही.

"फोन दिला कोणाले, तुळसाबाई?"

"आमच्या वावरात वीस वरसं निंदायले येते ती. तांड्यावरची कमलीबाई." तुळसाबाई जराशी थांबली. "अमरदीपची माय."

६

कमलीबाईचं घर तांड्याच्या शेवटच्या ओळीत होतं. सुकेशनीला पाहताच तिनं खाट टाकली, पाणी दिलं आणि समोर जमिनीवर बसली. म्हातारी म्हणावी असं वय नव्हतं. केस मात्र सगळे पिकलेले.

"म्याच धाडला," ती म्हणाली. विचारायच्या आधीच. "तुमीच तं शिकवलं. त्या दिवशी देवळापाशी बसून सगळ्या बायायच्या फोनात तुमीच नंबर टाकला. पोलिसाच्या टोपीचा फोटू दाबायचा अन् इडिओ सोडायचा. मले लिहिता येत नाई, पन टोपी ओळखू येते."

सुकेशनीला ते देऊळ आठवलं, बायांची रांग आठवली. ही बाई आठवली नाही.

"स्वतःच्या पोराचा, कमलीबाई?"

"त्याले धा डाव म्हनलं. हासते. म्हने, याडी, माय, तू भेऊ नको, माहा हात बसेल हाय." कमलीबाईनं पदर डोक्यावर ओढला. "त्याचा बाप, किसनसिंग, सहा वरसांमागं ऊसतोडीले गेला. म्याही व्हतो. रातभर वाहातूक करून ड्रायव्हर डुलक्या घेऊन राह्यला व्हता. टॅक्टरवर आमी चौदा मानसं. चौदा जनायनं पाह्यलं. कोनी बोललं नाई. मुकादमाचा मानूस, कोन बोलन? म्याही नाई बोललो, बाई." ती थोडी थांबली. "घाटात ट्राली पलटली. चौदातले अकरा घरी आले."

बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. कमलीबाईनं उठून तिला पाला टाकला आणि परत येऊन बसली.

"मुन्न्याले काहून मारलं पन? तिथं दोघायचं भांडन हाय, म्हनून?"

सुकेशनी इथं यायच्या आधीच सगळं जुळवून आली होती, पण शेवटचा सांधा या बाईसमोर जोडायची तिची इच्छा नव्हती.

"फोन इंद्रभानच्या नावावर निघाला. त्यावरून," ती एवढंच म्हणाली.

"पन हे कोनाले मालूम? ह्या फोनाचं मुन्न्याले मालूम, त्याच्या मायले मालूम, मले..."

कमलीबाई बोलता बोलता थांबली. मग तिनं विचारलं, "अमरदीपनं?"

"तुमचं नाव माह्या तोंडून जाणार नाई. शब्द दिला हाय."

"म्या माह्या नावाचं नाई इचारलं," कमलीबाई म्हणाली.

७

लायसन गेल्यापासून अमरदीप मानोऱ्यात गाड्या धुवायच्या सेंटरवर कामाला होता. सुकेशनीला पाहून त्यानं पाइप बंद केला नाही.

"तुले नोटीस आली, त्यात फोटो होता," ती म्हणाली. "तुह्या उजव्या गालाचा. रोज तीच गाडी चालवतोस. फोटो पाह्यल्याबरोबर तुले कळलं, ते कुठून काढला अन् तिथं कोण बसलं होतं. गाडी डगमगली तेव्हा तू दाराची कडी पाह्यली होतीस. दुसऱ्या कोणासाठी तू ती पाह्यली नसती."

पाण्याची धार एकाच चाकावर पडत राहिली.

"फोन इंद्रभानचा, हेही तुले मालूम होतं. तेराव्याचा फोन. कार्यालयातून काढल्याचं सांगतलंस. कार्यालयात तो नंबर गेलाच नव्हता. अमरदीप, तो मुन्ना नाही, हे त्या स्टँडवर एकट्या तुलेच पक्कं ठाऊक होतं. अन् नाव तूच दिलंस."

त्यानं पाइप टाकला. "मंग काय करू, मॅडम? पोरं रोज इचारत. कोन हाय सांग, कोन हाय सांग. माय म्हनू काय? तांड्यात लोक थुकले असते तिच्यावर. म्या तिले वाचवलं."

"तिले वाचवायले 'मालूम नाही' एवढंच म्हणायचं होतं."

त्यानं पायानं पाइप बाजूला सारला.

"मुन्ना तुह्या पुढच्या नंबरले उभा राह्यतो. म्हणून मुन्ना."

अमरदीपच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की कशाचं, हे सुकेशनीला ठरवता आलं नाही, आणि ठरवायचा कंटाळाही आला होता. "मले वाटलं फळ्यावरूनच उतरवतीन. मारतीन असं नव्हतं वाटलं."

"हे मी जबाबात लिहिणार. चिथावणी दिलीस, त्याचं जे होईल ते होईल. पण सोमवारी बैठक हाय. तिथं तू उभा राह्यलास तर मुन्नाचा नंबर परत लागेल. मले तुह्या मायचं नाव घेता येत नाही. तुले 'मी खोटं बोललो' म्हणता येते."

"लोक इचारतीन, मंग कोन?"

"इचारतील."

तो पुन्हा पाइपाकडे वळला. सुकेशनी निघाली. मागून चाकावर पाणी पडल्याचा आवाज येत राहिला.

८

सोमवारी अकराला टपरीपुढे तीस-पस्तीस माणसं जमली. अमरदीप आला होता. लिंबाच्या बुडाशी उकिडवा बसला होता. मुन्ना स्वतःच्या गाडीला टेकून उभा. फुटक्या काचेच्या जागी प्लास्टिक चिकटवलेलं. सकाळपासून त्या गाडीत एकही सवारी बसली नव्हती.

सुकेशनीनं जे सांगता येत होतं ते सांगितलं. तक्रार मुन्नानं केलेली नाही. व्हिडिओ अमरदीपच्या उजव्या हाताला बसून काढलेला आहे, आणि मुन्ना तिथं कधी बसू शकत नव्हता.

"मंग नंबर इंद्रभानचा कसा काय?" मागून एकानं विचारलं. "भूत आलं व्हतं का इडिओ सोडायले?"

लोक हसले. सुकेशनीनं अमरदीपकडे पाहिलं. तो जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. शब्द दिलेला होता, म्हणून तिला पुढं बोलता येत नव्हतं. खालच्या गाड्यांचे नंबर पुसून वर सरकवायला भिवाजीनं ओलं फडकं उचललं.

"थांबा, भिवाजीभाऊ."

कमलीबाई रस्त्यावरून चालत आली होती. धापा टाकत होती. तिनं कमरेची पिशवी सोडली, फोन काढला आणि टपरीच्या फळीवर ठेवला.

"हा इंद्रभानभाऊचा फोन. तेराव्याले मले देल्ला. इडिओ म्या काढला, म्या धाडला. आता मारायचं असन तं मले मारा. मी इथंच हावो."

कोणी हसलं नाही. भिवाजीनं मुन्नाकडे पाहिलं. "तुले मालूम व्हतं रे?"

"फोन बाबाचा म्हनले मॅडम, तवा समजलं."

"मंग बोलला काहून नाई?"

"ह्या काकीनं मले लहानपणी वावरात पाठुंगळी घेतलं," मुन्ना चिडून म्हणाला. "काय बोलू?"

"काकी, पोटच्या पोराचा इडिओ?" ज्यानं भुताचं विचारलं होतं त्यानंच विचारलं.

"मंग कोनाचा काढू? तुहा?" कमलीबाई म्हणाली. "तुहाही काढीन. तूही तसाच चालवतो."

अमरदीप उठला. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. कोणाकडेही न पाहता तो म्हणाला, "मले मालूम व्हतं. म्या खोटं बोललो." एवढं बोलून तो रस्त्याला लागला.

भिवाजीनं फडकं ठेवलं, खडू घेतला आणि पाचव्या जागी मुन्नाच्या गाडीचा नंबर लिहिला. मग त्यानं फळ्याकडे एकदा पाहिलं आणि पहिल्या चारही गाड्यांना हातानंच मागं व्हायला सांगितलं. कोणी हुज्जत घातली नाही.

कमलीबाई मुन्नाच्या गाडीत जाऊन बसली. सुकेशनीला जबाब घ्यायला तांड्यावर जायचंच होतं, तीही बसली. आणखी कोणी आलं नाही. नऊ जणांच्या गाडीत दोन बाया. पाऊण तास वाट पाहून मुन्नानं गाडी काढली.

"आता घरी कसं होणार, कमलीबाई?" सुकेशनीनं विचारलं.

"चार दिवस झाले, बोलतच नाई त्यो. मी सैपाक करतो, त्यो जेवत नाई." ती बाहेर पाहत होती. "तांड्यातल्या बायाही आता पान्यावर नाई बोलावनार."

तांड्याकडं जाणाऱ्या इंझोरीच्या वाटेवर, गावाबाहेर दीडेक किलोमीटरवर, अमरदीप रस्त्याच्या कडेनं एकटा जाताना दिसला. मुन्नानं वेग कमी केला. गाडी त्याच्या शेजारी आली आणि त्याच्या चालीनं चालू लागली. मुन्नानं मागचं दार उघडायला सांगितलं. सुकेशनीनं उघडलं. अमरदीपनं पाहिलं नाही. पंधरा-वीस पावलं गाडी आणि माणूस बरोबरीनं गेले.

"थांबू का, काकी?" मुन्नानं विचारलं.

कमलीबाईनं वाकून दार ओढून घेतलं.

"चाल तू. पायी येऊन राह्यला ना? मंग येते त्यो घरी."

मुन्नानं गिअर टाकला.